प्रकल्प नोंदी: १९१३ ते १९१६चं न्यूयॉर्क, वाचनालयाच्या भिंतीवर

१२ जानेवारी

ठरलं ते असं. बाबासाहेबांच्या जयंतीच्या आठवड्यात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं. फोटो बाबासाहेबांचे नाहीत, न्यूयॉर्कचे. १९१३च्या जुलैत ते तिथे उतरले आणि १९१६ साली लंडनला गेले. मधली तीन वर्षं ज्या शहरात काढली, ते शहर रोजच्या धबडग्यात कसं दिसायचं, एवढाच विषय.

बडोद्याची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, कोलंबिया विद्यापीठ, तिथले प्राध्यापक सेलिग्मन आणि ड्यूई ही नावं आपल्याकडे भाषणात हमखास येतात. पण खोलीचं दार लोटून ते रस्त्यावर आले की समोर काय असायचं, असं विचारलं की दहातले आठ जण एम्पायर स्टेट बिल्डिंग म्हणतात. ती उघडली १९३१ साली.

जागा मोजली. तीस फोटो बसतील, १२ बाय १८ इंचाचे, सनबोर्डवर. ग्रंथपाल मॅडमनी अभ्यासिकेतला एक मुलगा मदतीला दिलाय. एमपीएससीची तयारी करतो, सनावळ्या तोंडपाठ. कामाला येईल.

१८ जानेवारी

आज नुसती शोधाशोध. सगळ्यात मोठी खाण वॉशिंग्टनची, लायब्ररी ऑफ काँग्रेस. जॉर्ज ग्रँथम बेन या गृहस्थाची न्यूयॉर्कमध्ये बातम्यांचे फोटो पुरवणारी एजन्सी होती. तिच्या साधारण ४०,००० काचेच्या निगेटिव्ह या ग्रंथालयाने १९४८मध्ये विकत घेतल्या. बहुतेक पाच बाय सात इंचांच्या. फाइली घरबसल्या उतरवून घेता येतात, आणि प्रकाशनावर बंधन असल्याचं माहीत नाही असा स्पष्ट शेरा प्रत्येक पानावर आहे. २००८ साली यातले काही फोटो त्यांनी फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर टाकले, तर जगभरातल्या लोकांनी पाट्या वाचून, जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून जागा आणि तारखा कळवल्या. ते शेरे आता नोंदींना जोडलेले आहेत. आमचं निम्मं काम परक्या माणसांनी फुकट करून ठेवलंय म्हणायचं.

मात्र बेनचे फोटो पाहताना एक भान ठेवावं लागतं. वर्तमानपत्राला रोजचं काही नकोच असतं. उकाड्याने माणसं दगावली, बर्फाने रस्ते बुजले, संप झाला, मिरवणूक निघाली की कॅमेरा बाहेर पडणार. त्यामुळे रोजचं जगणं त्याच्या फोटोत असतं ते कडेकडेला: मिरवणुकीच्या मागे खिडकीत कोपरं टेकून बसलेल्या बाया, लोखंडी जिन्यांवर वाळत घातलेल्या गाद्या, दुकानाच्या पायरीवर उभा मालक. मला हवंय ते सगळं फोटोच्या मधोमध नाहीच.

म्हणून तक्त्यात एक रकाना वाढवला. फाइल क्रमांक, तारीख, जागा, कोणी काढला, आणि शेवटी: कोणासाठी काढला. अभ्यासिकेतला मुलगा म्हणाला, दादा, हा रकाना कोण वाचणार? वाचणार नाहीत कदाचित. पण तो भरल्याशिवाय एकही फोटो भिंतीवर जाणार नाही.

२५ जानेवारी

बेनच्या निगेटिव्हवर ओळ आणि तारीख काचेवरच लिहिलेली असते, त्यामुळे छापात पांढऱ्या अक्षरात उमटते. एका फोटोवर ७/६/१२ आहे. आपल्या सवयीने ७ जून. अमेरिकन पद्धतीने ६ जुलै १९१२. मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की आधी महिना, मग दिवस. त्याने भरलेल्या तक्त्याच्या तीन पानांत सगळं बरोबर उतरलंय.

तो फोटो मात्र घ्यायचाच. उकाड्याचा दिवस. फुटपाथवर बर्फाच्या लाद्या टेकवलेल्या आणि पोरं वाकून, थेट जीभ लावून, त्या चाटतायत. रांग नाही, वाटी नाही, मोठं कोणी दटावत नाही. फाइल मोठी करून पाहिली तर बर्फाच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या दिसतात. बराच वेळ हा कार्यक्रम चालला असावा.

तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते. लाकडी बर्फपेटी असायची, आणि गाडीवाला चिमट्याने लादी उचलून पाठीवरून मजल्यावर नेऊन टाकायचा. त्या बर्फाचा बराचसा भाग हिवाळ्यात हडसन नदीतून करवतीने कापून, भुशात दाबून उन्हाळ्यापर्यंत टिकवलेला. (अमेरिकेच्या ईशान्येकडच्या तळ्यांतला बर्फ एकेकाळी जहाजाने थेट मुंबईला यायचा, हे फोटोखालच्या ओळीत घालायचा मोह झाला. नाही घातलं. विषय सुटतो.)

साल १९१२ म्हणजे बाबासाहेब पोहोचायच्या आदला उन्हाळा. आमच्या मर्यादेबाहेर. बसून ठरवलं: १९०० ते १९१७ एवढं चालेल, पण प्रत्येक फोटोखाली साल ठळक टाकायचं. ओढून ताणून १९१३ करायचं नाही.

१ फेब्रुवारी

मुलाने व्हॉट्सॲपवर फिरणारी जोडी आणली. न्यूयॉर्कचा फिफ्थ ॲव्हेन्यू, ईस्टरच्या दिवशी. १९०० सालच्या फोटोत सगळ्या घोडागाड्या, मोटार शोधावी लागते. १९१३च्या फोटोत सगळ्या मोटारी, घोडा शोधावा लागतो. खाली नेहमीचं प्रवचन, बदला नाहीतर संपाल.

फोटो खरे आहेत. प्रवचन अर्धवट आहे. फिफ्थ ॲव्हेन्यू म्हणजे धनाढ्यांची वस्ती, आणि ईस्टरचा रविवार म्हणजे नवे कपडे आणि नवी गाडी मिरवायचा दिवस. त्या दिवशी त्या रस्त्यावर जे दिसलं ते त्या लोकांचं होतं. त्याच शहरात घोड्यांनी ओढायची ट्राम ब्लीकर स्ट्रीटच्या मार्गावर १९१७च्या जुलैपर्यंत धावत होती. म्हणजे बाबासाहेबांच्या तिन्ही वर्षांत मॅनहॅटनमध्ये जमिनीखाली विजेची रेल्वे, डोक्यावर खांबांवरची रेल्वे आणि रस्त्यावर घोड्याची ट्राम, तिन्ही एकाच वेळी. भुयारी रेल्वे १९०४ सालापासूनची, भाडं पाच सेंट.

जोडी लावायची नाही असं आधी ठरवलं होतं, मग विचार फिरवला. लावू, पण शेजारी तिसरा फोटो हवा: खालच्या ईस्ट साइड या गरीब वस्तीतल्या गल्लीतला, त्याच सुमाराचा, ज्यात हातगाड्या आणि घोडे खच्चून भरलेत. तिघांना मिळून एकच चौकट.

८ फेब्रुवारी

तारीख नसलेल्या फोटोंचा दिवस. डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनी नावाची पोस्टकार्डं आणि छापील चित्रं विकणारी कंपनी होती. तिच्या निगेटिव्हही लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत, पण पुष्कळ ठिकाणी साल म्हणून "१९०० ते १९१५ दरम्यान" एवढंच. पंधरा वर्षांचा पट्टा आम्हाला काय कामाचा? मग फोटोतूनच काढायचं.

सगळ्यात उपयोगी पडते ती वूलवर्थ बिल्डिंग. २४ एप्रिल १९१३ला उघडली, अध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून बटण दाबलं आणि इकडे ८०,००० दिवे लागले. उंची ७९२ फूट, १९३०पर्यंत जगात सगळ्यात उंच इमारत. मॅनहॅटनच्या खालच्या टोकाच्या कुठल्याही लांबच्या फोटोत ती नसेल तर फोटो आधीचा, सांगाडा असेल तर १९११-१२, पूर्ण असेल तर आपला. ऋतूसाठी पुरुषांच्या टोप्या बघायच्या. गवती हॅट मेपासून १५ सप्टेंबरपर्यंतच घालायची असा अलिखित दंडक होता, आणि तो मोडणाऱ्याची भर रस्त्यात टर उडवत. सगळ्या डोक्यांवर गवती हॅट म्हणजे उन्हाळा, पक्कं. मुलाला हा खेळ फारच आवडला; दिवसभर टोप्याच मोजत होता.

दोन कोपऱ्यांच्या जागा पटत नव्हत्या. तिथे न्यूयॉर्क महापालिकेचे करआकारणीचे फोटो कामाला आले. १९३९ ते १९४१मध्ये शहराने पाचही भागांतल्या एकूण एक इमारतीचा फोटो काढून घेतला, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतल्या माणसांकडून. ७,२०,०००च्या आसपास फोटो. इमारतीसमोर ब्लॉक आणि प्लॉटचा क्रमांक लिहिलेली पाटी धरलेली, बहुतेकदा पाटी धरणारा माणूसही चौकटीत आलेला. घरपट्टी लावण्यासाठी काढलेले हे फोटो. पण त्यात चपला शिवणाराही आला, सायकलवरचं पोरही आलं. एका कोपऱ्यावरची खिडक्यांवरची दगडी नक्षी आमच्या फोटोशी तंतोतंत जुळली, म्हणजे जागा तीच. हे फोटो लावता येणार नाहीत, साल फार पुढचं. हळहळ वाटली. त्यांचं वेगळं प्रदर्शन व्हायला हवं. बेरेनिस ॲबटच्या १९३५ ते १९३९च्या फोटोंचंही तसंच. जड ८ बाय १० इंची कॅमेरा घेऊन बाईंनी अख्खं शहर पिंजून काढलं, पण आपल्या चौकटीत नाहीत.

१५ फेब्रुवारी

लुइस हाइनचे फोटो आज निवडले. आजवरचं सगळ्यात अवघड काम.

हाइन मुळात शिक्षक. १९०८पासून नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी देशभर फिरून मुलांच्या मजुरीचे फोटो काढले. उद्देश उघड होता: कायदा व्हावा. म्हणून फोटोइतकाच त्याचा शेरा महत्त्वाचा. मुलाचं वय, कामाचे तास, मिळकत, पत्ता. कारखान्यात घुसायला कधी विक्रेता बनायचा, कधी आणखी कोणी. न्यूयॉर्कच्या चाळींत १९११-१२च्या हिवाळ्यात त्याने घरबसल्या कामाचे फोटो घेतले. जेवणाच्याच टेबलाभोवती आई, आजी, चार-पाच वर्षांची पोरं, आणि मधे कापडी फुलांचा किंवा अक्रोडाच्या गराचा ढीग.

फेब्रुवारी १९१२चा, ॲस्टर प्लेसजवळचा एक फोटो घेतलाय. बाई तयार कपड्यांचं भलं मोठं बोचकं डोक्यावर घेऊन चाललीय. शिवायचं काम घरी आणायचं, झालं की परत पोहोचवायचं, हेलपाटा आपलाच. त्याच महिन्यातला थॉम्पसन स्ट्रीटवरचा दुसरा: नुकत्याच शिवून झालेल्या किमोनोंचा भार घेतलेली मुलगी, आणि हाइनचा शेरा असा की ती फारसं काही बोलायला तयार नव्हती. हा शेरा मला फोटोपेक्षा जास्त सांगून जातो. कॅमेरा घेऊन आलेला अनोळखी पुरुष, हातात वही, प्रश्न विचारतोय. उद्यापासून काम बंद झालं तर? तिची बाजू तिच्या गप्प राहण्यातच आलीय.

ग्रंथपाल मॅडमची शंका: शाळेची मुलं येणार, फोटो फार जड नाही होणार? मी म्हटलं, मुलांसाठीच खाली लावू, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

२२ फेब्रुवारी

ब्रुकलिन पुलावरचे रंगारी. फोटो यूजीन द सालिन्याकचा, ७ ऑक्टोबर १९१४. पुलाच्या दोरखंडांच्या जाळीत माणसं इथे एक, तिथे दोन अशी पसरलीत, कोणी रेललेलं, कोणी पाय मोकळे सोडलेलं. कुणाच्या कमरेला दोर दिसत नाही. खाली पाणी. काम थांबवून, फोटोसाठी म्हणून तशी बसवलेली आहेत हे उघड दिसतं, आणि तरी मजा कमी होत नाही. उलट कॅमेऱ्यासाठी एवढ्या उंचीवर इतक्या आरामात बसता येणं हीच त्यांच्या रोजच्या कामाची साक्ष.

सालिन्याक महापालिकेच्या पूल खात्यात नोकरीला. १९०६ ते १९३४, खात्याच्या कामाची नोंद म्हणून सुमारे २०,००० काचेच्या निगेटिव्ह. पुढे नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. १९९९मध्ये महापालिकेच्या अभिलेखागारातल्या मायकेल लोरेन्झिनी यांना हे सगळे फोटो एकाच हातचे आहेत हे जाणवलं, तेव्हा कुठे माणूस सापडला. आपल्याकडेही पीडब्ल्यूडीच्या, पाटबंधारे खात्याच्या कपाटांत धरणाच्या पायाभरणीचे फोटो पडून असतील. कोणी काढले असतील ते?

रकाना: कोणासाठी काढला. उत्तर: साहेबांच्या फायलीसाठी. या फोटोची मोठी फाइल सरसकट फुकट मिळत नाही, अभिलेखागाराकडे मागणी नोंदवावी लागते. नोंदवली.

१ मार्च

रंगावरून वाद. लॅबवाले काका म्हणाले, आता ॲपमध्ये टाकलं की रंगीत होतं, लोकांना रंगीतच आवडतं, मी फुकट करून देतो. काकांचा हेतू चांगला. पण त्या बाईचं बोचकं निळं होतं की करडं, हे ॲपला कुठून कळणार?

मल्बरी स्ट्रीटचं १९००च्या सुमाराचं प्रसिद्ध चित्र त्यांना दाखवलं: इटालियन वस्ती, हातगाड्या, गाडीशी उभे फेरीवाले, सगळं झकास रंगीत. काका खूश, हे बघा, तेव्हाही होतंच की. होतं, पण कॅमेऱ्यातून आलेलं नाही. मूळ निगेटिव्ह कृष्णधवल. त्यावरून शिळाछापाच्या पद्धतीने, प्रत्येक रंगाला वेगळा दगड करून, एकावर एक छापलेलं. डेट्रॉइटच्या त्याच कंपनीने विक्रीसाठी केलेलं. चित्र विकलं जायचं तर भाजी हिरवी आणि छत लाल हवंच ना. शेवटी असं ठरलं: हे एक चित्र रंगीत लागेल, खाली रंग कुठून आला ते लिहून, बाकी एकोणतीस जसे आहेत तसे. चित्राच्या मधोमध बघायचं असेल तर गाडीवाल्यांकडे बघा. सगळे झाडून कॅमेऱ्याकडे बघतायत, म्हणजे कॅमेरा ही त्या गल्लीत रोजची गोष्ट नव्हती.

९ मार्च

शीर्षकावरून बैठक. आमच्यातल्या निवृत्त सरांचा आग्रह "बाबासाहेबांचं न्यूयॉर्क" असं नाव द्यावं, आणि प्रत्येक फोटोखाली "याच रस्त्यावरून बाबासाहेब चालले असतील" अशी ओळ. सरांचा जीव त्यात आहे, त्यांनी या विषयावर आयुष्यभर वाचलंय. पण मी अडून बसलो. खालच्या ईस्ट साइडमधल्या हेस्टर स्ट्रीटवरून कोलंबिया विद्यापीठ दहाएक किलोमीटर वर. ते त्या गल्लीत गेले असतील किंवा नसतील. माहीत नसताना फोटोला त्यांचं नाव चिकटवलं की फोटोतली माणसं पुसली जातात, आणि ती बोचकेवाली बाई नुसती पार्श्वभूमी होऊन बसते. सर म्हणाले, तुम्ही लोकांच्या श्रद्धेचा विचार करत नाही. मी म्हटलं, सर, पुराव्याशिवाय एक ओळ लिहिलेली बाबासाहेबांना तरी चालली असती का? यावर सर हसले. बैठक तिथेच मिटली.

तोडगा: एक स्वतंत्र पॅनेल, फक्त पक्क्या गोष्टींचं. हार्टली हॉल आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहांतला मुक्काम, सोबती नवल भथेना. लो लायब्ररीची घुमटाची इमारत, तेव्हा तेच विद्यापीठाचं ग्रंथालय. ११६व्या रस्त्यावरचं भुयारी रेल्वेचं स्थानक, विद्यापीठाच्या दारातच. मे १९१६मध्ये वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध. बस्स. पॅनेल सर लिहिणार.

१६ मार्च

अडलेली जागा एकच: हार्लेम. कोलंबियाची टेकडी उतरून मॉर्निंगसाइड पार्क ओलांडलं की हार्लेम. नेमकी याच वर्षांत तिथली वस्ती बदलत होती, काळी कुटुंबं येऊन स्थिरावत होती. पण आम्ही चाळलेल्या संग्रहांत त्यांचं रोजचं जगणं हाती लागत नाही. बेनला त्यात बातमी दिसत नव्हती आणि पोस्टकार्डवाल्यांना गिऱ्हाईक. २८ जुलै १९१७चा, काळ्यांवरच्या हिंसेविरुद्धचा मूक मोर्चा आहे: हजारो काळे स्त्री-पुरुष आणि मुलं फिफ्थ ॲव्हेन्यूवरून नुसत्या ढोलाच्या ठेक्यावर चालतायत, पांढऱ्या कपड्यांतली मुलं पुढे. फोटो जबरदस्त. रोजचं जगणं म्हणता येणार नाही, आणि बाबासाहेब तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नव्हते. तरीही घेतला. खाली दोन वाक्यं: हा फोटो कशाचा आहे, आणि त्या वस्तीच्या साध्या दिवसाचा फोटो या भिंतीवर का नाही. मुलगा म्हणाला, दादा, तुमचा रकाना आज वाचला गेला.

३० मार्च

छपाई. मॅट लॅमिनेशन घ्यायचं हे पक्कं, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि काहीच दिसत नाही. काचेच्या निगेटिव्हचे तुटके कोपरे, तडे, काठावरचे बोटांचे ठसे, सगळं ठेवलंय; काकांनी दोन फोटोंच्या कडा छान कापून "स्वच्छ" केल्या होत्या, त्या परत काढून घेतल्या. ब्रुकलिन पुलाची फाइल वेळेत आली.

११ एप्रिल

टांगणी. पश्चिमेची भिंत ओल धरते, तिथे सनबोर्ड वाकेल म्हणून ती रिकामी सोडली. फिफ्थ ॲव्हेन्यूची तिकडी दाराशी, म्हणजे व्हॉट्सॲपवाले आधी तिथेच थांबतील. हाइन खाली, मुलांच्या उंचीवर. बर्फाच्या लाद्या पंख्याखाली, मुलाची कल्पना.

१९ एप्रिल

गर्दी बऱ्यापैकी. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हातगाड्यांच्या फोटोपुढे बराच वेळ उभे, मग विचारलं, एवढे घोडे, तर लीद कोण उचलायचं? चांगला प्रश्न. १८९५ साली जॉर्ज वेअरिंग यांनी सफाई खातं शिस्तीला लावलं, झाडूवाल्यांना पांढरे गणवेश दिले. त्याआधी काही गल्ल्यांत लीद आणि कचरा ढोपराएवढा. हे तिथल्या ओळीत घालायला हवं होतं, आजच पट्टी छापून चिकटवली.

शिलाईकाम करणाऱ्या दोघी-तिघी हाइनच्या फोटोंपाशी आल्या. त्यांचा सवाल सरळ: नगाला काय मिळायचं? हाइनच्या शेऱ्यांत पुष्कळ ठिकाणी दर आहेत. लावलेल्या फोटोंखाली आम्ही ते दिलेले नाहीत. मुलगा आता मूळ नोंदींतून ज्या फोटोंना दर आहेत ते काढतोय, तासांसकट.

शेजारच्या तालुक्याच्या वाचनालयाने संच मागितलाय, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यांची भिंत लहान, वीसच फोटो बसतील. कोणते दहा काढायचे यावर उद्या सर, मॅडम आणि मी बसणार. हाइनचे आणि मूक मोर्चाचा जाणार नाहीत, हे मी आधीच सांगून टाकलंय.